ऑगस्टचा संघ, फेब्रुवारीचा संघ

ऑगस्टअखेर धुळ्याला खानदेश विभागाच्या सतरा वर्षांखालच्या कुमार फुटबॉल संघाची निवड होते. भडगावच्या गिरणाकाठ क्रीडा मंडळाची मुले दरवर्षी त्या निवडीला जातात आणि दरवर्षी सगळीच्या सगळी परत येतात. फेब्रुवारीत तोच निवडलेला संघ मैत्रीचा सामना खेळायला भडगावला येतो आणि त्याच नाकारलेल्या मुलांकडून हरून जातो. आजवर पहिल्या गोष्टीला एकच अपवाद झाला. दुसरीला एकही नाही.

मी भडगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मंडळाचे सचिवपद माझ्याकडे आले ते खेळाच्या ज्ञानामुळे नव्हे. परवानग्या काढणे आणि वाहन ठरवणे ही कामे दुसऱ्या कोणालाही नको होती. मंडळ उभे केले ते जीवराम नानांनी. त्यांचे खत-बियाण्यांचे दुकान आहे, आणि नदीकाठची मुरमाड जागा सपाट करून तिचे मैदान त्यांनीच केले. मुलांना शिकवतो जितेंद्र. तो वीज कार्यालयात नोकरीला असून सकाळ मैदानावर घालवतो.

धुळ्याच्या अपयशाची कारणे गावात पुष्कळ होती. जितेंद्रच्या मते निवडसमितीत भडगावचा माणूस नाही, एवढे एकच कारण पुरेसे होते. मुलांच्या आया दृष्ट काढत. नानांचा धुळ्याच्या पाण्यावर राग होता. "धुयानं पानी बाधस आपला पोऱ्यासले," असे ते दरवर्षी त्याच गांभीर्याने सांगत.

यांतली जी कारणे तपासता येण्यासारखी होती, ती मी एकेक करून तपासली. एका वर्षी भडगावहून पाण्याचे जार नेले. निकाल तोच लागला. एका वर्षी मुलांना आदल्या दिवशीच नेऊन धुळ्याच्या ओल्या गवतावर सराव दिला. तरी निकाल तोच. पक्षपात म्हणावा, तर आमच्या मोठ्या वयोगटातले दोघे-तिघे दरवर्षी त्याच समितीकडून, त्याच आठवड्यात, त्याच मैदानावर निवडले जात होते. मुले बुजतात म्हणावे, तर फेब्रुवारीच्या सामन्याला निम्मे गाव लोटते आणि तेव्हा ती बुजत नाहीत. प्रत्येक तपासणीनंतर माझ्याजवळ एक कारण कमी उरत असे. जितेंद्र म्हणे, "सर, तुम्ही कारणं खोडायलाच बसलात. एखादं आमच्यासाठी शिल्लक ठेवा." हळूहळू मलाही कंटाळा आला. दर ऑगस्टला गाडी ठरवायची, जायचे, यायचे, आणि परतताना मुले झोपली आहेत असे समजायचे, एवढेच काम राहिले.

लखन आला नसता तर हे असेच चालू राहिले असते.

लखनची आई दगडीबाई सातपुड्याच्या पायथ्याहून, चोपड्याच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरून, केळीच्या कामाला आली आणि भडगावलाच राहिली. नवरा पुन्हा डोंगरात गेला तो परतला नाही. लखन बारा वर्षांखालच्या गटात आला तेव्हा त्याचे चेंडूवरचे नियंत्रण पाहून जितेंद्रने मला महाविद्यालयातून बोलावून घेतले होते. मला त्यातले काही कळले नाही. एवढेच दिसले की बाकीची मुले चेंडूमागे धावतात आणि हा चेंडू जिथे येणार तिथे आधी उभा असतो.

मंडळात वर चढण्याची एक रीत आहे. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाले की नाना बूट वाटतात. सतरा वर्षांखालच्या गटाला नवे जोड मिळतात. त्यांचे गेल्या वर्षीचे जोड चौदाखालच्यांना जातात आणि चौदाखालच्यांचे बाराखालच्यांना. जुना जोड धुऊन, नाड्या बांधून परत केल्याशिवाय पुढचा मिळत नाही. नाना प्रत्येक मुलाला समोर बसवतात, स्वतः बूट चढवतात आणि पुढच्या टोकावर अंगठा दाबून पाहतात. अंगठ्याखाली पोकळी लागली की त्यांचे समाधान होते. लखन या वाटेने पायरी-पायरीने वर आला. त्याचे पहिले बूट दोघांच्या पायांतून उतरलेले होते, पुढचे एकाच्या. सतराखालच्या गटात त्याला कोरा जोड मिळाला, तेव्हा त्याने तो घरापर्यंत हातात धरून नेला, असे दगडीबाईने मला सांगितले. पुढल्या वर्षी तो कर्णधार झाला.

धुळ्याने त्याला आधी दोनदा नाकारले होते. गेल्या वर्षीची निवड त्याची शेवटची होती; त्यानंतर तो वयात बसणार नव्हता. कुमार संघात निवडल्या गेलेल्या मुलांना निवासी प्रबोधिनीत घेतात. राहणे, जेवण, शिक्षण तिथेच होते. निवड झाली नाही तर दसऱ्यानंतर त्याने मामाबरोबर, झुलालबरोबर, गुजरातेत फरशीच्या कारखान्यात जायचे, असे घरात ठरले होते. दगडीबाईने हे रडून सांगितले नाही. केळीचा घड कापायचा की ठेवायचा, हे सांगावे तसे सांगितले. मी तिला काहीच आश्वासन दिले नाही.

आम्ही पारोळ्यावरून गेलो. गाडीत नाना पुढे बसले होते. मागे विक्रम नावाचा बचावपटू बडबडत होता. "नाना," तो म्हणाला, "यंदा फेब्रुवारी डबामा भरीसन लई चला." फेब्रुवारी डब्यात भरून न्यायच्या कल्पनेला सगळे हसले. नानाही हसले, आणि धुळ्यात कोणी नळाचे पाणी पिऊ नये, असे त्यांनी पुन्हा बजावले. लखन खिडकीकडे तोंड करून बसला होता. तोही हसला, पण उशिरा.

निवडीचा सामना मी या वेळी गोलाकडे न बघता फक्त लखनकडे बघत पाहिला. तो योग्य जागी उभा राहत होता. त्यात फरक नव्हता. चेंडू त्याच्याकडे येई तोपर्यंत सगळे बरोबर असे. त्यानंतर मात्र चेंडू थांबण्याऐवजी हातभर पुढे निघून जाई. वळताना त्याचा पाय थांबे, पण शरीर थोडे पुढे सरके. समोर मोकळा गोल असताना त्याने मारलेला चेंडू आडव्या दांड्यावरून बराच उंच गेला. समितीतले एक वयस्कर गृहस्थ मला ओळखत होते. ते सौजन्याने म्हणाले, "मुलगा कष्टाळू आहे. पण चेंडू त्याच्या पायाशी राहत नाही." हे वाक्य खोटे नव्हते. मी स्वतः तेच पाहिले होते. मला राग यायला हवा होता. पण मी फक्त थकलो होतो.

परतताना लखन माझ्या शेजारी बसला. पारोळ्याचा किल्ला मागे पडला तेव्हा तो बोलला.

"सर, मी मारायच्या आधीच चेंडू जातो."

म्हणजे काय, असे मी विचारले. त्याला नीट सांगता आले नाही. आपण मारणार त्याच्या थोडे आधीच काहीतरी चेंडूला लागते, एवढेच तो म्हणाला. मागून विक्रमने ते भूत असल्याचे सुचवले. मी ते वाक्य लक्षात ठेवले, कारण ते तक्रारीसारखे नव्हते, निरीक्षणासारखे होते.

निवड जाहीर झाली. लखन तीत नव्हता.

गणपतीत भूपेंद्र गावी आला. धुळ्याला कुमार संघात निवडला गेलेला मंडळाचा एकमेव मुलगा तो. आता तो पोलीस भरतीची तयारी करतो. मी त्याला घरी बोलावले आणि त्या वर्षी तू वेगळे काय केलेस, असे विचारले. तो ओशाळला. वेगळे काहीच केले नव्हते, म्हणाला. उलट अंगात कणकण होती. पंधरा ऑगस्टच्या आधीपासून तो पारोळ्याला मामाकडे तापाने पडला होता. झेंडावंदन चुकले. निवडीच्या दिवशी तो पारोळ्याच्या स्टँडवरच आमच्या गाडीत चढला.

"मग बूट?" मी विचारले.

"नवे नंतर मिळाले. जुने परत द्यायचे राहिले होते, तेच घातले. बोटं दुखत होती सर, सगळा वेळ."

दुसऱ्या सकाळी मी मैदानावर गेलो. लखनचा आधीच्या वर्षीचा जोड चौदाखालच्या एका मुलाकडे गेला होता. तो थोड्या वेळासाठी मागून घेतला. त्या मुलाने टोकाशी कोंबलेली चिंधी काढून बूट माझ्या हातात दिले. जितेंद्रला मी गोलामागे, लखनकडे पाठ करून उभे केले. लखन काय घालून मारतो आहे, ते न बघता चेंडू कुठे आला एवढेच त्याने मोठ्याने सांगायचे होते. "सर, ही काय परीक्षा? नापास कोण होणार?" असे तो म्हणाला, पण उभा राहिला.

लखनने आधी नवे बूट घालून मारले, मग जुने, मग पुन्हा नवे, पुन्हा जुने. प्रत्येक जोडात त्याने बरेच चेंडू मारले. नव्या जोडात जितेंद्रचा शब्द बहुतेक वेळा "वर" असाच होता. जुन्यात तो "कोपरा", "कोपरा", "खाली डावीकडे" असे सांगत गेला, आणि तिसऱ्या फेरीनंतर पाठ करून उभे राहण्याची अट मोडून वळून बघू लागला. शेवटी लखन स्वतःच थांबला. खाली बसून त्याने नव्या बुटाचे टोक दोन बोटांनी दाबले. ते आत गेले.

नाना मंडळाची खोली उघडायला आले होते आणि कट्ट्याजवळ उभे राहून हे सगळे पाहत होते. मी त्यांच्याकडे गेलो. सांगायचे कसे, ते मी वाटेत ठरवले होते. पण सांगावे लागले नाही.

"भाऊ, पाय वाढस," नाना म्हणाले. "बूट वाढत नही. म्हनीसन आपन मोठा लेतस. घरमा बी असंच करतस ना?"

करतात, मी म्हणालो. खानदेशात वाढलेल्या कुठल्याही माणसाला हे विचारावे लागू नये. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात. पँटची खालची पट्टी आत दुमडून शिवतात आणि दर वर्षी थोडी उसवतात. माझाही असाच होता, जितेंद्रचाही. बोटांपुढे रिकामी जागा असणे ही आम्हा सर्वांना काळजीची खूण वाटत आली आहे. म्हणूनच ती इतकी वर्षे कोणाला दिसली नाही. जितेंद्रने रोज मुलांचे पाय पाहिले, मी दरवर्षी कारणे मोजली, आणि आम्हा दोघांनाही त्यात दुरुस्त करण्यासारखे काही आहे असे वाटले नाही.

नाना खोलीत गेले. मी समितीतल्या त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मुले प्रबोधिनीत दाखल झाली आहेत, म्हणाले. पुढल्या वर्षी या मुलाला अवश्य आणा. तो पुढल्या वर्षी वयात बसत नाही, हे मी सांगितले. मग आम्ही फोन ठेवला.

दसरा झाल्यावर झुलाल लखनला न्यायला आला. मी स्टँडवर गेलो. लखन बरा होता. विक्रमची नक्कल करून त्याने मामाला हसवलेसुद्धा. दगडीबाई कामावरून तशीच आली होती, साडीला केळीचे डाग होते. गाडी सुटल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात तिने विचारले.

"मना पोऱ्यामा काय कमी व्हती, सर?"

मी तिला म्हणालो की काही नाही, आणि मग कारण सांगितले. ते असे.

मुलांचे पाय वाढतात म्हणून मंडळ त्यांना दरवर्षी पंधरा ऑगस्टला दोन नंबर मोठे बूट देत होते, आणि जुने काढून घेत होते. निवड त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत होत असे. बुटाचे टोक पायाच्या पुढे असल्याने ते चेंडूला आधी आणि खालून लागे, त्यामुळे चेंडू वर जाई. आणि वळताना पाय बुटाच्या आत सरके. फेब्रुवारीपर्यंत पाय थोडा वाढलेला असे, थंडीत मुले दुहेरी मोजे घालत, आणि उरलेल्या फरकाची त्यांना सवय झालेली असे. यांपैकी कशाचा वाटा किती, ते मी मोजलेले नाही. मोठ्या गटातल्यांचे पाय वाढायचे थांबलेले असल्याने ते मापाचे बूट घेत, म्हणून त्यांची निवड होई. लखनला तिन्ही वर्षे धुळ्याला नाकारले गेले ते त्याच्या पायात बूट मोठे होते म्हणून.