वहिनीची तिसरी खेप

हेडबाईंचं खरं नाव आठवायला आता त्यांच्या सख्ख्या भावालाही जरा वेळ लागे. हे नाव ठेवलं होतं देशोदेशीच्या प्रोग्रामरांनी, आणि ठेवणाऱ्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

बाईंचं काम तपासनिसाचं. संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा कारभारी बसलेला असतो आणि त्याच्या हाताखाली फाइल सिस्टीम. कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवली, हे तिनं ध्यानात ठेवायचं. तिच्याकडून एकदा झालेली चूक पुन्हा होऊ नये म्हणून शेकडो चाचण्या लिहिलेल्या असतात. चाचण्या लिहिणारीही माणसंच, तेव्हा त्यांतही चुका निघतात. त्या दुरुस्त करणारे पॅच जगभरातून मेलनं येतात, अगदी उघडे, कुणीही वाचावेत असे, आणि हेडबाई त्यांतल्या ओळीन् ओळीवर डोळ्यांत तेल घालून बसतात. पटलं तर खाली 'तपासला' असं लिहून स्वतःचं नाव घालायचं. एकदा नाव घातलं की पुढे काही बिघडलं तर जबाबदारी त्यांचीही. बारा वर्षांत ते नाव त्यांनी कुणाच्या भिडेखातर घातलं नव्हतं.

आणि आता त्यांच्या वर्गात वहिनी येऊन बसली होती! वरच्या मजल्यावर राहणारी, भावाची बायको. वीस वर्षं रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काढली, ती प्रयोगशाळा बंद झाली, पण गप्प बसेल तर ती वहिनी कसली. "तू खाली दिवसभर काय बडवत असतेस, मलाही शिकव," म्हणाली, आणि दीड वर्षात शिकलीसुद्धा. पहिला पॅच पाठवला तो परत आला. एक चाचणी मधूनच अडखळते म्हणून वहिनीनं तिच्यात 'पाच सेकंद थांब' अशी ओळ घातली होती. "थांबल्यानं दुखणं जात नाही, कारण शोधा," असा हेडबाईंचा शेरा, तोही साऱ्या जगासमोर. दुसरी खेपही परत. संध्याकाळी चहाला खाली आल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, "वन्सं, तुमच्या शाळेत पास व्हायचं तर कुणाच्या पाया पडावं लागतं?" चिडवायचं असलं की तिला 'वन्सं' आणि 'तुम्ही' सुचायचं, एरवी 'तू'च.

"चहा घे, गार होतोय," हेडबाई म्हणाल्या. पॅचबद्दल जे बोलायचं ते मेलवर, स्वयंपाकघरात नाही, असा त्यांचा कायदा होता.

तिसरी खेप मंगळवारी सकाळी आली. विषय वाचूनच हेडबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनीनं हात घातला होता तो थेट वीज जाण्याच्या चाचणीला, आणि ती चाचणी हेडबाईंची स्वतःची होती. त्यांची पहिली, लाडकी. फाइलच्या डोक्यावर त्यांचं नाव होतं. एक डिस्क जोडायची, तिच्यावर फाइली लिहायच्या, मध्येच वीज गेल्याचं सोंग आणायचं, पुन्हा डिस्क जोडून फाइली शाबूत आहेत का ते बघायचं. सहा वर्षांत ती एकदाही नापास झाली नव्हती. लोक हवाला द्यायचे तिचा! आणि वहिनीचं म्हणणं काय, तर ही चाचणी 'काही जुन्या यंत्रांवर कधीकधी' भलतीच डिस्क तपासते.

"नाचता येईना अंगण वाकडं," हेडबाई पुटपुटल्या, आणि "पुरावा?" असा एका शब्दाचा मेल लिहायला घेतला.

पण पुरावा खालीच दिला होता. वहिनीनं लिहिलं होतं, 'प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं की आम्ही त्यात आधी आजारी माणसाचं रक्त घालायचो. त्यालाही ते निरोगी म्हणालं तर यंत्रच आजारी. म्हणून मी डिस्क काढून टाकली आणि चाचणी चालवली.'

हेडबाईंनी मेल तसाच अर्धा ठेवला. टेबलाखाली वाकून चाचणीच्या यंत्रातली डिस्क स्वतःच्या हातानं उपटून काढली, मांडीवर ठेवली आणि चाचणी सुरू केली.

पास.

पुन्हा चालवली. पुन्हा पास. डिस्क मांडीवर, आणि तिच्यावरच्या फाइली म्हणे शाबूत!

मग त्यांनी स्वतःचीच फाइल परक्याची असल्यासारखी वाचली आणि सोळाव्या ओळीवर थांबल्या. डिस्क जोडायच्या आज्ञेतला एक शब्द कर्नलमध्ये सहा वर्षांपूर्वी बदलला होता, इथे मात्र जुनाच राहिला होता. तेव्हापासून ती आज्ञा रोज नकार देत होती, रोज तक्रार करत होती. पण तक्रारींनी निकालाचा कागद घाण दिसतो म्हणून हेडबाईंनीच त्या ओळीच्या शेवटी लिहिलं होतं, की जी काही तक्रार येईल ती परस्पर फेकून द्या. डिस्क जोडलीच जात नव्हती. फाइली लिहिल्या जात होत्या शेजारच्या धडधाकट डिस्कवर, आणि वीज जायची ती न जोडलेल्या डिस्कची. दुसऱ्या कुणी ही ओळ लिहिली असती तर हेडबाईंनी त्याला फाडून खाल्लं असतं. आपला तो बाब्या, दुसरं काय!

कान तापले त्यांचे. वरून वहिनीच्या चालण्याचा आवाज येत होता. आता नुसतं 'तपासला' लिहून नाव घातलं असतं तर सगळं निभावत होतं. पॅच बरोबर होता, वहिनी खूश झाली असती, आणि 'काही जुन्या यंत्रांवर कधीकधी' या चार शब्दांआड हेडबाईंची सहा वर्षं झाकून राहिली असती. ते शब्द वहिनीनं कशासाठी घातले ते न कळायला त्या काही कुकुलं बाळ नव्हत्या. नणंदेची अब्रू जाऊ नये म्हणून घातले होते. हेडबाईंना एकदम रडूच आलं. डोळे पुसले आणि त्यांनी मेल लिहिला.

'दुरुस्ती अचूक आहे. वर्णन खोटं आहे. "काही जुन्या यंत्रांवर" नव्हे, सगळ्या. "कधीकधी" नव्हे, नेहमी, सहा वर्षं. कारणही अर्धंच दिलंय. तक्रार फेकून देणारी ओळ मी लिहिली, चूक माझी, तसं स्पष्ट लिहा. तिसरी खेप परत.'

पाचव्या मिनिटाला जिन्यात पावलं वाजली.

"मी नाही लिहिणार," वहिनी दारातूनच म्हणाली. "हजारो लोक वाचतात ते. आणि तू पॅच परत पाठवतेस कशासाठी, तर मी तुला कमी शिव्या दिल्या म्हणून?"

"हो, म्हणूनच. उद्या कुणी ही नोंद वाचून 'माझं यंत्र नवं आहे, मला काय त्याचं' असं म्हणून जुनीच चाचणी चालवत राहिला, तर? वहिनी, रिपोर्टमध्ये तू कधी पेशंटचं मन राखलंस?"

कायदा मोडला होता, दोघींच्याही लक्षात आलं नाही. वहिनी वर गेली. दुपारी चौथी खेप आली. सगळं नीट, खणखणीत, कुठेही आडपडदा नाही. हेडबाईंनी खाली 'तपासला' लिहिलं, आपलं नाव घातलं, आणि मग डिस्क जागेवर बसवून दुरुस्त चाचणी नव्या कर्नलवर चालवली. वहिनी पाठीमागे उभी होती.

नापास.

पुन्हा चालवली. नापासच! वीज गेली की शेवटी लिहिलेल्या फाइलचा निम्मा भाग गायब. गेल्या महिन्यात कर्नलमध्ये आलेली ही चूक पुढच्या आठवड्यात साऱ्या जगाच्या यंत्रांवर जाणार होती. कुणाचे फोटो, कुणाचा प्रबंध, कुणाच्या तपासण्यांचे रिपोर्ट अर्धे होऊन बसले असते.

"नापास!" हेडबाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या, की वरून भाऊ धावत खाली आला.

"कोण नापास? काय झालं?"

बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. भाऊ कौतुकानं म्हणाला, "तुझ्या नजरेतून काही सुटत नाही हं!"

"सुटली होती रे!" हेडबाई म्हणाल्या. "माझीच चूक सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती, दिसली नाही. हिनं पकडली, तुझ्या बायकोनं. तीन वेळा परत पाठवली मी तिला, तरी हटली नाही." वहिनी "पुरे, पुरे" म्हणत राहिली, पण हेडबाई उघड्या दारात उभ्या राहून, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, आपली चूक कशी पकडली गेली ते पहिल्यापासून सांगू लागल्या.