देगेतली मुंडी

मे महिन्यात शिरड शहापुरात माणसं अंगातले सदरे काढून लिंबाखाली पडलेली असतात, आणि हा रणजीत मात्र तांड्यावरून यायचा तो मनगटापर्यंत बटणं लावलेल्या शर्टात. "काय गड्या, पोरगी बघायला चालला का?" असं कुणी विचारलं की हसून पुढं जायचा. पण आज अमिनाबीच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याला हसू येईना.

अमिनाबीचा पोरगा सलमान, रणजीतचा जिवलग दोस्त, जाऊन बेचाळीस दिवस झाले होते. परवाच चाळिसावा झाला. काल तिचा सांगावा आला, मोबाइलवर ते पिक्चर घेऊन ये.

ते पिक्चर म्हणजे 'मुंडी की दावत'. आता त्याचं काय सांगावं! कुठल्या मुलखात काढलंय देव जाणे, वरून कुणीतरी हिंदीत आवाज भरलेले. लग्नाच्या मांडवात मुडदे उठतात, वऱ्हाडी एकमेकांचे हातपाय उपटून मारामारी करतात, आणि रक्त असं उडतं, जसा शेतातला पाइप फुटावा. नवरदेवाची मुंडी तुटून जेवणाच्या देगेत पडते आणि उकळत्या रश्श्यातून वर येऊन म्हणते, "नमक कम है." शहाण्या माणसानं दहा मिनिटांत उठून जावं असलं ते पिक्चर. या दोघांनी ते पन्नासदा तरी पाहिलं असेल.

सलमानला थॅलेसेमिया होता. लहानपणापासून दर वीस दिवसांनी हिंगोलीला जाऊन रक्त चढवून घ्यायचं, तेव्हा कुठं तो चालायचा-बोलायचा. त्यातून गट ओ निगेटिव्ह, सहजासहजी मिळत नाही असा. शाळेतल्या तपासणीत रणजीतचाही तोच निघाला. अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात हा गडी पहिली पिशवी देऊन आला, आणि मग दर तीन महिन्यांनी देतच राहिला.

"काय नासाडी करून राहिले रे हे लोक," पिक्चर बघताना सलमान म्हणायचा. "एवढ्या रक्तात माझं अख्खं वर्ष निघालं असतं." आणि पोट धरधरून हसायचा, धाप लागेपर्यंत. ज्याचा जन्म एकेका पिशवीची वाट बघण्यात चालला, त्याला रक्त फुकट सांडताना बघायची तेवढीच चैन होती. रणजीतला हे कळत होतं. म्हणून तोही हसायचा.

शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत रणजीतनं गोंदणाऱ्याला फोटो दाखवला आणि उजव्या हातावर, कोपराच्या खाली, देग आणि देगेतली मुंडी गोंदवून घेतली. तांड्यातल्या बायाबापड्या म्हणतात, मेल्यावर सोबत येतं ते फक्त गोंदण. त्याची आई बेबीबाई, तिचे दोन्ही हात हिरवेगार आहेत. दोस्ताला द्यायला याहून मोठं काय असणार, असं त्याला वाटलं. मुंडी बघून आई चपलेनंच हाणेल म्हणून घरी बाह्या खाली घेतल्या. सलमाननं मात्र बघितली आणि हसून हसून त्याला उचकी लागली.

एप्रिलात सलमानला ताप भरला. रक्त लगेच लागणार होतं आणि उन्हाळ्यामुळं हिंगोलीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. रणजीत धावत गेला. खाटेजवळ नुसती सलाईन लावलेली. सलमाननं त्या बाटलीकडं बोट केलं, म्हणाला, "नमक कम है." दोघं हसले.

रक्तपेढीतल्या बाईनं फॉर्म भरता भरता विचारलं, "गोंदवलंय का अलीकडं कुठं?" रणजीतनं मोठ्या कौतुकानं बाही वर केली. बाईही हसेल असं वाटलं होतं बिचाऱ्याला. तिनं पेन खाली ठेवला. "वर्षभर चालत नाही, दादा. सुईतून आजार आलेला असू शकतो. त्या पोराला बाधेल." त्यानं हातपाय जोडले, पण नियम तिनं केलेला नव्हता.

बाहेर चाँद पाशा, सलमानचे वडील, वाट बघत बसले होते. "माझं न्हाई घेत म्हणले," एवढंच बोलून रणजीतनं बाही खाली ओढली. नांदेडहून पिशवी आली, पण तोवर सलमानचं हृदय थांबलं होतं. गावात बोलणं झालं, तांड्यावरचं पोरगं ऐन वेळी सुईला भ्यालं. रणजीतनं ते ऐकून घेतलं. भ्याला म्हणतात तेच बरं, असं त्याला वाटायचं.

आता अमिनाबी मोबाइल समोर धरून बसली होती. पहिला हात तुटला तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला, पण नजर हटवली नाही. "यात हसायचं काय होतं रे?" तिनं विचारलं. मग देग आली, मुंडी वर आली, म्हणाली, "नमक कम है."

अमिनाबीनं मोबाइल मांडीवर ठेवला. "हे तर तो माझ्या हरेक सालनाला, रश्श्याला म्हणायचा. मी येड्यावानी मीठ वाढवत गेले." ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

रणजीतला ते सोसलं नाही. त्यानं बटण काढून बाही वर केली. "खाला, मी सुईला न्हाई भ्यालो. हे गोंदलं म्हणून त्यायनं माझं रक्त घेतलं न्हाई. हे नसतं तं सलमान आज असता."

अमिनाबीनं वाकून ती मुंडी बघितली. तिनं हात लावला नाही.

"त्यानं बघितलं होतं?"

"व्हय."

"हसला?"

"लई. उचकी लागली त्याला."

तिनं डोळे पुसले. उठून माठातलं पाणी आणलं, त्याच्यापुढं ठेवलं.

"उद्या पन ये," ती म्हणाली. "राहिलेलं बघू. फकत बाही खाली घेऊन येत जा बेटा. मला ते बघवत न्हाई."

रणजीतनं बाही खाली घेतली आणि मनगटाचं बटण लावलं.