राखलेलं तळं

मार्च महिन्यात केंटकीच्या टेकड्यांवर ऊन पडतं ते नव्या नवरीसारखं. दिसतं, पण तोंड उघडत नाही. अशा उन्हात झेल्फा टॅकेट तळ्याच्या उत्तर काठावर बादली पालथी घालून बसली होती. अंगात वारलेल्या नवऱ्याचा जाड कोट, कानांवर लोकरीची टोपी, हातात गळाची काठी. पाठीमागून बोचरा वारा येत होता, पण तिने जागा सोडली नाही. थंडी सरता सरता तळ्यात पहिली ऊब धरतो तो हाच काठ, दुपारनंतर, आणि बास मासा त्या उबेला सरकत येतो. सावलीतल्या दक्षिण काठावर गळ टाकून बसणाऱ्यांना ती बिनडोक म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची.

पण आज तिचं स्वतःचंच तोंड तिला नडलं होतं.

गेल्या रविवारी सगळं घर जेवायला बसलेलं असताना तिचा मुलगा गार्नेट म्हणाला होता, "आई, तळं मेलंय. बांध फोडून पाणी सोडून देतो. खाली चांगलं गवत होईल." गार्नेट महिन्यातून चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यातली तीन त्याने तिथेच खर्च केली. झेल्फाने काटा ताटात आपटला. "मेलंय? येत्या शनिवारपर्यंत माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब बास काढून दाखवीन. नाही काढला, तर आण तुझं मशीन आणि फोड बांध. मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

झेल्फा टॅकेट चकार शब्द काढणार नाही, हे ऐकून नातवंडंसुद्धा खायची थांबली होती.

आता गुरुवार उजाडून दुपार झाली होती, आणि कोपरापर्यंतचा मासा सोडाच, वितीच्या वरचा मासा गळाला लागत नव्हता. तळं हॅरलनने, तिच्या नवऱ्याने, लग्नानंतर खणलं होतं. आठ वर्षांपूर्वी तो गेला, त्याच वर्षी तिने फाटकावर पाटी ठोकली आणि नियम केला: या तळ्यातला मासा बाहेर जाणार नाही. धरायचा, बघायचा, परत सोडायचा. हॅरलन मासा हातात धरून म्हणायचा, "वाढू दे याला." तेच शब्द तिने घराचा कायदा करून टाकले. पाव्हणा असो की पाद्री, कुणी मासा पिशवीत टाकला तर ती त्याला पिशवीसकट पाण्यात उभा करायची.

आणि एवढं राखूनही मासे दर वर्षी रोडावत चालले होते. डोकं बापाचं, अंग पोराचं. ती कधी शेजारच्या रॉइस कूम्ब्सच्या गुरांच्या शेणाला शिव्या घालायची, कधी हिवाळ्यातल्या बर्फाला.

"आई, कॉफी." सून लिओटा थर्मास घेऊन उतारावरून आली. नदीकाठची पोर. तिच्या माहेरी सगळे मासेमारीवर वाढलेले, आणि तोंडाला लगाम कुणालाच नाही.

"आणलीस? मला वाटलं मी इथेच गोठून गेल्यावर आणशील."

"गोठल्यावर तुम्हाला कॉफी लागली नसती. वाया गेली असती."

झेल्फाने कप घेतला, पण डोळे तंगुसाच्या दोरीवरच ठेवले. गार पाण्यातला बास ओढत नाही. दोरी नुसती जड होते, ओलं पान अडकावं तशी. ज्याला ते कळत नाही त्याने घरी बसून भांडी घासावीत. तेवढ्यात दोरी जड झाली. तिने अलगद, लोणी काढावं तसा मासा वर आणला. पुन्हा तोच प्रकार. मोठा जबडा, आणि मागे सुकलेल्या दोरीसारखं अंग.

तिने हात ओला केला आणि मासा सोडायला वाकली.

"थांबा, थांबा. बघू दे."

"बघायचं काय त्यात? तुमच्याकडे गळाला चप्पल लागली तरी तळून खातात."

"तळणारी चांगली असली की चप्पलही छान लागते," लिओटा म्हणाली. मासा तोवर पाण्यात गेला होता. तिने कुंपणाला टेकवलेली बांबूची काठी उचलली, गळाला गांडूळ लावलं आणि बाजूलाच बसली. थोड्या वेळाने तिच्या गळाला एक ब्लूगिल लागला, बासचं रोजचं खाणं असलेला चपटा मासा. हा मात्र चांगला बशीएवढा होता.

"अरे वा," लिओटा म्हणाली, पण तिच्या कपाळावर आठी होती. "आई, याची पिल्लं कुठायत? एवढ्या वेळात काठाला एक पिल्लू दिसलं नाही."

"थंडी आहे. तुझ्यासारखी हिंडत नाहीत ती."

लिओटाने तो सोडला आणि पुन्हा गळ टाकला. या वेळी बास आला, तसलाच रोडका. आणि झेल्फाचं लक्ष कपाकडे असताना लिओटाने माशाचं डोकं दगडावर आपटलं, खिशातून चाकू काढला आणि पोट चिरलं.

झेल्फा उठली तेव्हा बादली घरंगळत पाण्याशी गेली. "हॅरलनच्या तळ्यातला मासा मारलास! माझ्या डोळ्यांदेखत! या घरात येऊन..."

"ओरडा नंतर. आधी बघा."

कोठा मोकळा होता. रिकाम्या पाकिटासारखा चिकटलेला. लिओटाने आणखी एक धरला, तोही चिरला. त्याच्या पोटात बोटाएवढं काहीतरी निघालं. तिने ते गवतावर ठेवलं. बासचंच पिल्लू होतं.

"आपलीच पोरं खातायत," लिओटा हळू म्हणाली. "आई, हे मासे आजारी नाहीत. उपाशी आहेत. चार माणसांच्या घरात तुम्ही चाळीस माणसं ठेवलीत, आणि चूल तेवढीच. ब्लूगिलचं पिल्लू जन्माला येतं आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पोटात जातं. रॉइसच्या गाई बिचाऱ्या काय करणार? तळं कुणी मारलं नाही. राखून राखून उपाशी ठेवलंय."

 झेल्फाने थर्मासचं झाकण गच्च लावलं, काठी उचलली आणि तरातरा घराकडे निघाली. रात्री जेवताना मिठाचं भांडं हवं होतं तर नातीला सांगून मागवलं, आणि ते होतं सुनेच्या हातापाशी.

शुक्रवारी ती एकटीच गेली. शब्द राखायला एक मासा पुरे होता. एकच. ऊन कालच्यापेक्षा बरं होतं, वारा पडला होता, गळाला मासे लागतच होते. ती काढत गेली, सोडत गेली. एक दुसऱ्याची नक्कल. जणू एकाच मासळीला ती पुन्हा पुन्हा धरत होती. शेवटी एकाचा गळ काढताना तिचा हात पाण्यापाशी थांबला. तिने इकडे तिकडे पाहिलं. काठावर कुणी नव्हतं. मग स्वयंपाकघरातून आणलेला छोटा चाकू कोटातून काढला. तो तिने का आणला होता, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

कोठा रिकामा.

ती बादलीवर बसून राहिली. दर वसंतात सलगमची रोपं दाट उगवली की ती मुठी मुठीने उपटून फेकायची. कोवळी, हिरवीगार रोपं.  न उपटणाऱ्या बायकांना ती हसायची: बोटाएवढे कंद खा आता वर्षभर. वाफ्यातलं शहाणपण तळ्यापर्यंत चार पावलं चालून आलं नव्हतं, कारण तळ्याच्या वाटेवर हॅरलन उभा होता.

शनिवारी सकाळी रॉइस कूम्ब्स खणायचं पिवळं मशीन ट्रेलरवर घेऊन फाटकाशी आला. गार्नेट खिशात हात घालून उभा होता. त्याने आईकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि नजर खाली केली. त्याला जिंकण्यात काही गोडी दिसत नव्हती.

"मिस झेल्फा, चिखल आहे म्हणून लवकर आलो," रॉइस म्हणाला; तिकडे थोरल्या बाईला आदराने मिस लावूनच हाक मारतात.

"तू गप्प बस. तुझ्या गुरांची मी माफी मागणार आहे, तिला वेळ लागतो." झेल्फाने घसा साफ केला. तोंडातून गेलेला शब्द परत गिळायचा म्हणजे तिला काटा गिळण्यासारखं होतं. पण काटा घशातच राहिला तर माणूस मरतं. "गार्नेट, मोठा मासा मिळाला नाही. माझा शब्द पडला. मशीन आत घ्यायचं असेल तर तुझा हक्क आहे. पण तळं मेलेलं नाही. मीच त्याला उपाशी मारत होते. मासे फार झालेत. काढले तर जगेल."

 लिओटा ओसरीच्या पायरीवर उभी होती, आणि तिने जीभ चावून धरली. तेवढी अक्कल तिला होती.

"तुझे बाबा म्हणायचे, वाढू दे," झेल्फा म्हणाली. "मी तेच केलं रे."

गार्नेटने बुटाने चिखल उकरला. "बाबा एक सोडायचे आणि दहा घरी आणायचे, आई. दर मार्चला. आपण तळून तळून कंटाळायचो. तू फक्त सोडलेला लक्षात ठेवलास."

 झेल्फाला तेलाचा वास आठवला, ओट्यावरचा मक्याच्या पिठाचा पसारा आठवला, आणि मासे साफ करून करून वास धरलेली तिची स्वतःची बोटंही आठवली. आठ वर्षांत हे सगळं कुठे जाऊन बसलं होतं कोण जाणे.

"किती काढायचे?" गार्नेटने लिओटाला विचारलं.

"वितीएवढे असतील ते सगळे. यंदा, पुढल्या वर्षी, त्याच्या पुढल्या वर्षीही. एका दिवसात नाही व्हायचं."

गार्नेटने उताराखाली तळ्याकडे पाहिलं, जिथे त्याला गवत हवं होतं. "दोन वसंत," तो म्हणाला. "मग बघू."

"दोन पुरे आहेत," झेल्फा म्हणाली, कारण तीन मागायला तिचा अभिमान आड आला.

मशीन ट्रेलरवरून उतरलंच नाही. रॉइसच्या हातात काठी आली. त्याने बायकोला फोन केला, तिने चर्चमधल्या चारजणींना केला, आणि दुपारच्या उन्हात उत्तर काठ माणसांनी भरला. पहिला बास रॉइसलाच लागला. त्याने सवयीने, घाबरतच, तो पाण्याकडे नेला.

"ए, कुठे नेतोस? टाक बादलीत!"

"पण मिस झेल्फा, तुमच्या तळ्यातला..."

"माझ्या तळ्यातला आहे म्हणूनच सांगतेय. टाक! आणि काठी अशी हिसडू नकोस, तू गाय ओढत नाहीयेस."

ओसरीवर लोखंडी कढई चढली. लिओटा मासे मक्याच्या पिठात घोळवत होती, झेल्फा साफ करत होती. एक चिरून झाला की दुसरा. 

"पीठ जाड लावतेस," झेल्फा म्हणाली.

"मासे बारीक आहेत, आई. खाणाऱ्याला काहीतरी चावायला नको?"

"पुढल्या वर्षी पातळ लाव."

लिओटा गालात हसली. झेल्फाने पहिला तळलेला तुकडा उचलून गार्नेटला दिला, दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला. काटेच फार होते. तिने ते सावकाश काढले, बोटं कोटाला पुसली आणि खाली काठाकडे ओरडली, "उद्या चर्च सुटल्यावर सगळ्यांनी यायचं! जेवून येऊ नका!"