सामन्याच्या दिवशी बोलायचं नाही

सामन्याच्या दिवशी गोलकीपरशी कुणी बोलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये बर्फावरची हॉकी खेळणारे सगळेच तो पाळतात, पण आमच्या युक्रेनी घरात तो जरा जास्तच सोवळ्याने पाळला जाई. माझा धाकटा भाऊ मार्कियान, घरातला मार्को, सात वर्षांचा असल्यापासून सामन्याच्या सकाळी तातो, म्हणजे आमचे वडील, चमचा वाजला तरी डोळे वटारायचे. मार्कियान पिरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, खायचा आणि आम्ही मुक्यासारखे बघत बसायचो. मला ही थेरं कधीच पटली नाहीत. ममा मात्र म्हणायची, "अगं, बाकीच्यांची चूक झाकली जाते. त्याची झाली की गोल होतो आणि पाठीमागे लाल दिवा लागतो. राहू दे त्याला गप्प."

तो लाल दिवा पाठीशी घेऊन मार्कियान छत्तीस वर्षांचा झाला. आडगावांतल्या संघांकडून खेळला, बसमध्ये झोपला, दोन्ही खुब्यांची ऑपरेशनं करून घेतली. मोठ्या संघाने शेवटी घेतलं, तेही राखीव म्हणून, बाकावर बसून खेळाडूंसाठी दार उघडायला. मग या वसंतात ऐन बाद फेरीत पहिल्या गोलकीपरचा गुडघा गेला आणि आमचं ध्यान जाळ्यासमोर उभं राहिलं. निकालाचा सामना रविवारी दुपारी होता. रविवारी सकाळीच ममा स्वयंपाकघरात कोसळली.

हृदय थकलंय, संध्याकाळ निघेल असं वाटत नाही, असं रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. ममा शुद्धीवर होती. "मार्कोचा आवाज ऐकायचाय," ती म्हणाली, आणि लगेच माझं मनगट धरलं. "पण सामना झाल्यावर. आत्ता कळवलंस तर बघ!" सामना संपला की त्याचा पहिला फोन नेहमी तिलाच यायचा.

मी तातोंना खोलीबाहेर ओढलं. "त्याला कळायला हवं."

"अडीच तासांचा तर प्रश्न आहे, ओरिसिया."

"आणि तेवढे नसले तर?"

"त्याने जन्मभर या दिवसाची वाट पाहिलीय. तिनेही."

मी फोन केलाच. मार्कियानचा बंद होता. संघाचं सामान सांभाळणारा ड्वेन म्हणून एक जण होता, त्याला गाठलं.

"ताई, आज मी त्याला बूट बांध असंसुद्धा सांगणार नाही," तो म्हणाला.

"अरे, आई चाललीय त्याची!"

"वरच्यांच्या कानावर घालतो," एवढंच पुटपुटला. वरच्यांनी काय केलं ते थोड्याच वेळात ममाच्या खोलीतल्या टीव्हीवर दिसलं. मार्कियान नेहमीसारखा काठीने गोलचे दोन्ही खांब ठोकून जागेवर उभा होता. त्याला कुणीही काहीही सांगितलेलं नव्हतं.

आणि काय खेळला तो! रबराची चकती कुठूनही येवो, याचा हात नाहीतर पाय आधीच तिथे. वीस-वीस मिनिटांचे तिन्ही डाव संपले तरी दोन्हीकडे शून्य. आता जादा डाव; जो पहिला गोल करेल तो जिंकला, तोवर एकामागून एक डाव खेळत राहायचं.

"किती?" ममाने डोळे मिटूनच विचारलं.

"शून्य-शून्य."

"माझं पोर," ती म्हणाली आणि हसली.

लोक जिंकण्यासाठी देव पाण्यात घालतात. मी माझ्या सख्ख्या भावाच्या हरण्यासाठी घातले होते. कुणीही करा, पण एक गोल करा. त्याने चकती अडवली की शेजारच्या खोल्यांतून टाळ्या पडायच्या. बर्निस नावाची परिचारिका दारातून ओरडायची, "काय अडवतो हो तुमचा भाऊ!" तिचा गळा धरावासा वाटत होता. पहिला जादा डाव तसाच गेला. मधल्या सुट्टीत कॅमेऱ्याने त्याला दाखवलं, डोक्यावर टॉवेल ओढून बसलेला. सगळे त्याच्यापासून लांब, रिवाजाप्रमाणे. मी पुन्हा ड्वेनला फोन लावला. कुणी उचलला नाही.

"झालं का गं?" दुसऱ्या जादा डावात ममाने विचारलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"होतच आलंय, ममा."

तिसऱ्या जादा डावात समोरच्या संघाचा एक गडी एकटाच सुटला. मार्कियान आणि तो, मध्ये कुणी नाही. तातो खुर्चीतून उठले, टीव्हीपाशी गेले आणि पडद्यावर हात टेकला.

"सोड," ते म्हणाले. "सोड रे, मार्को. जाऊ दे एक आत."

मार्कियानने डावा पाय ताणला आणि चकती अडवली. सगळं रुग्णालय ओरडलं. मी ममाकडे वळले, तर तिचा श्वास थांबला होता. बर्निसने येऊन आधी तिची नाडी पाहिली, मग टीव्हीचा आवाज बंद केला.

त्यानंतर काही मिनिटांतच गोल झाला. अगदी फुसका, त्याच्याच सोबत्याच्या बुटाला लागून आत घरंगळलेला. लाल दिवा लागला.

उशापाशी ममाचा फोन वाजला. तातोंनी उचलला. फोन त्यांनी आम्हा दोघांच्या मध्ये धरला, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. मार्कियान रडत होता.

"ममा, रागावू नकोस. एक गेला गं. मी अडवायला हवा होता."

"मार्को," तातो म्हणाले.

"तातो? ममाला द्या ना. बाकीचे सगळे अडवले मी, बघितलं ना तिनं?"

"हो रे, पोरा," तातो म्हणाले, "सगळे अडवलेस," आणि फोन माझ्या हातात दिला.