मालूचीही पाटी तेवढीच जड

पनवेल कोळीवाड्याच्या महिला मंडळानं २०११ साली ठमाबाईचा सत्कार करायचं ठरवलं. तिची लेक भावना इंजिनियर होऊन न्हावा शेव्याच्या बंदरात लागली होती. वाड्यातले बरेच जण तिथं ट्रेलर चालवायला गेले होते. इंजिनियर म्हणून गेली ती भावनाच पहिली.

सूत्रसंचालन करणार होता परेश, ज्युनिअर कॉलेजात शिकवणारा. त्यानं ठमाबाईची दोन दिवस तयारी करून घेतली.

"काकू, डोक्यावरची पाटी, उन्हात बसणं, पायांच्या भेगा, सगळं सांगा. हाल सोसल्याशिवाय माणूस मोठा होत नाही, हे पोरांना कळू दे."

ठमाबाईला ते पटलं. तीस वर्षं मासळी विकली त्याचं चीज झालं, असं कोणी म्हटलं तर कोणाला आवडणार नाही?

कार्यक्रमात तिनं सुरुवात छान केली. लोक मन लावून ऐकत होते, मधेमधे टाळ्या देत होते. तेवढ्यात तिला दुसऱ्या रांगेतली मालू दिसली. बाजारात तीस वर्षं तिच्या शेजारी बसणारी. नवी साडी नेसून आली होती आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

ठमाबाई थांबली. मग पाठ केलेलं सोडून बोलू लागली.

"मालूची पाटी माज्याएवढीच जड व्हती. तिचा नवरा दर्यात गेला, म्हंजे तिनं माज्यापेक्षा जास्तच सोसलं. तिची यमुना आनि माजी भावना एकाच वर्गात. यमुनाच जास्त हुशार. हालांनी पोरं शिकत असती, तर यमुना मोठी सायेब झाली असती. पन धाकट्या भावाला बघायला घरात कोन नाय, म्हनून ती सातवीतच घरी बसली."

परेश घड्याळाकडे बघू लागला. ठमाबाईनं पहिल्या रांगेतल्या निवृत्त शिक्षिका फरिदाबाईंकडे हात केला.

"माज्याकडं सासू व्हती, घर सांभालायला. आनि ह्या बाई माज्याकडं मासली घ्यायला यायच्या. त्यांनी भावनाला रोज दुपारी घरी नेली, जेवू घातली, शिकवली. माजी पोर ह्यांच्यामुलं शिकली. माज्या पायांच्या भेगांमुलं नाय."

टाळ्या जरा उशिरानंच पडल्या.

घरी जायला मालू ठमाबाईबरोबरच निघाली. गल्लीच्या तोंडाशी तिनं ठमाबाईचा हात धरला.

"ठमे, येवढी वर्सं मला वाटायचं, मीच कुटंतरी कमी पडले."

"नाय गं," ठमाबाई म्हणाली.  मग तिचा हात धरूनच तिला घरापर्यंत सोडून आली.

आठवड्यानं दोघी फरिदाबाईंकडे गेल्या. यमुनेचं लग्न होऊन तिला आता दोन पोरं होती आणि तीही मासळी विकत होती.

"बाई, तिच्या पोरांना दुपारचं शिकवाल?" मालूनं विचारलं.

"दोघांनाच कशाला? बाजारात बसणाऱ्या सगळ्यांची येऊ देत, इन्शाअल्लाह. पण माझ्या घरात मावणार नाहीत."

मंडळाचं सभागृह दुपारी रिकामंच असायचं. ठमाबाईनं मंडळातल्या सगळ्या बायकांना गाठून वर्गाची आणि पोरांना तिथंच जेवू घालायची परवानगी मिळवली. किल्ली परेशकडे असायची. त्यानं कुलूप उघडून दिलं, पण त्याच्या मनातलं जात नव्हतं.

"काकू, सगळं आयतं मिळालं तर पोरं घडतील कशी?"

"गनित आयतं मिलतं काय रं? ते त्यांचं त्यांनाच करायचं हाय. पोट भरलेलं असलं की निदान डोकं त्याच्यात राहील."

परेश हसला. पुढच्या सोमवारपासून तोही इंग्रजी शिकवायला येऊ लागला.

पहिल्या महिन्यात अकरा पोरं होती, दिवाळीनंतर सव्वीस झाली. मालू बाजारातून लवकर उठून भात शिजवायची. यमुना पोरांना सोडायला यायची आणि दाराशीच उभी राहून फळ्याकडे बघायची. एक दिवस फरिदाबाईंनी तिला आत बसवलं आणि शाळेत न जाता दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तिच्या हातात दिला. पोरं तिला चार दिवस हसली, मग त्यांना सवय झाली.

यमुना पास झाली त्या दिवशी मालू बाजारात गेलीच नाही. पोरांच्या घोळक्यात सभागृहाच्या पायरीवर बसून राहिली. कोणी काही विचारलं की नुसती हसायची.