अदलाबदल झालेले क्रूस

आमच्या आईने तीन वर्षं दुसऱ्याच बाईच्या नवऱ्याची माफी मागितली.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. शेवटच्या सकाळी आईने त्यांना कशावरून तरी फैलावर घेतलं, ते चहा न घेताच दुकानात गेले आणि दुपारी खुर्चीतच गेले. तेव्हापासून दरवर्षी मृतांच्या स्मरणदिनी आई कबरीवर फुलं वाहते, मेणबत्ती लावते आणि "माझं चुकलं हो" म्हणत डोळे पुसते. मला ते बघवत नाही.

यंदा लाकडी क्रूसाच्या जागी दगडी बसवायचा होता. कबरी खणणारे काका क्रूसावरचं नाव वाचून डोकं खाजवायला लागले. म्हणाले, घड्याळजी इथे नाहीतच, तिकडे भिंतीलगत आहेत, इथे बेकरीवाले. दोघं एकाच आठवड्यात गेले होते. पहिल्या स्मरणदिनाआधी रंगाऱ्याने रंगवायला क्रूस उपटले आणि परत लावताना अदलाबदल केली. आम्हालाही कळलं नाही. पुरलं त्या दिवशी आम्ही थाऱ्यावर कुठे होतो!

तेवढ्यात फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत आले. त्यांनी समजूत काढली, की प्रार्थनेवर पत्ता घालावा लागत नाही, देव ती बरोबर पोचवतो.

"प्रार्थनेचं ठीक आहे, फादर," आई रडवेली झाली. "पण माझी माफी ह्यांच्या कानावर गेलीच नाही."

आम्ही तरातरा भिंतीकडे गेलो. तिथे बेकरीवाल्याची बायको बोट नाचवत क्रूसाची खरडपट्टी काढत होती. कोठाराची किल्ली कुठे ठेवली ते न सांगताच नवरा गेला, हा तिचा राग तीन वर्षांत उतरला नव्हता. मी घडलं ते सांगितल्यावर तिने बोट मागे घेतलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या ह्यांना बोलले?"

आई खो खो हसत सुटली. इतकी हसताना मी तिला तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बरं केलंत. ह्यांना अगदी घरच्यासारखं वाटलं असेल."

"आणि आमच्या ह्यांना मेल्यावर का होईना, कुणाच्या तरी बायकोच्या तोंडून माफी मिळाली," असं म्हणून तीही हसायला लागली.

आईने मेणबत्ती लावली आणि बाबांजवळ टेकली. आता माफी मागणार म्हणून मी जरा बाजूला सरकले.

"चहा न घेता बाहेर पडायचं नाही," आई म्हणाली, "किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला?"