टाकीचं तोंड

सातिवलीत, दिवाळीचे कंदील टांगलेल्या दुकानासमोर आमची जुनी पिकअप पुन्हा बंद पडली. शेजारी बाबा छाती दाबून बसले होते. "अपचन आहे गं," एवढंच म्हणत होते. दवाखाना अजून लांब, आणि एक रिक्षा थांबेल तर शपथ!

मी बॉनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप दाबला. मघाशी तेवढ्याने गाडी चालू झाली होती. आता पंप पोकळच लागत होता. डिझेल तर बाबांनी सकाळीच भरलं होतं, मग ते इंजिनापर्यंत पोचत का नव्हतं? मी टाकीकडे धावले.

झाकण हरवलं म्हणून बाबांनी टाकीच्या तोंडावर जाड प्लास्टिक घालून ते केळीच्या सोपटाच्या दोरीने करकचून आवळलं होतं. प्लास्टिक आत खोल ओढलं गेलं होतं. हवाच आत जात नाही, तर डिझेल बाहेर कसं येणार? गाडीत वाडीचा कोयता होता, त्याने मी गाठ कापली. टाकीने सूंऽऽ करून हवा ओढली. पुन्हा पंप दाबला, तो घट्ट लागला आणि गाडी चालू झाली.

"सगळं आवळूनच ठेवायचं!" मी ओरडले. "खरं सांगा, छातीत कधीपासून दुखतंय?"

बाबांनी छातीवरचा हात खाली घेतला.

"गणपतीत गौरी गेल्या, तेव्हापासून."